पाणी कोठे मुरते? : न्हाणीघरातील बुरशी आणि तिच्या निदानाचे शब्द

१. प्रस्ताव

जून महिना लागला की मुंबईतील व कोकणपट्टीतील घरांत न्हाणीघराच्या छतावर, फरशांच्या सांध्यांत आणि दाराच्या चौकटीच्या पायथ्याशी काळे ठिपके दिसू लागतात. गृहस्थ ते घासून काढतो, वर औषधी द्रव फासतो, प्रसंगी रंगही देतो. पंधरा-वीस दिवसांत ठिपके त्याच जागी पुन्हा उमटतात. हा क्रम वर्षानुवर्षे चालतो, आणि प्रत्येक वेळी श्रम व पैसा खर्च होतो तो बुरशीवर, पाण्यावर नव्हे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, बुरशीचे निदान हे प्रथम वर्णनाचे काम आहे. ज्या शब्दांत तक्रार मांडली जाते, त्या शब्दांनीच दुरुस्तीची दिशा ठरते. गृहनिर्माण संस्थांच्या तक्रारवहीत आज 'लीकेज' हा एकच शब्द सर्व प्रकारच्या ओलीसाठी वापरला जातो. हा शब्द वाचून येणारा कारागीर साहजिकच फुटलेला नळ शोधतो. आणि नळ फुटलेला नसला तर 'काही सापडले नाही' असा शेरा मारून निघून जातो. मराठीत मात्र पाण्याच्या निरनिराळ्या गतींना निरनिराळी क्रियापदे आहेत, आणि त्यांतील भेद पदार्थविज्ञानाच्या भेदांशी बऱ्याच अंशी जुळणारे आहेत. बुरशी परत येते ती औषध दुबळे असते म्हणून नव्हे, तर पाणी कोणत्या वाटेने आले हे न ठरविताच औषध लावले जाते म्हणून. आणि ती वाट ठरविण्यास ही क्रियापदे साहाय्यभूत होतात, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. बुरशी कोणती आणि कोणती नव्हे

प्रथम नामांचा विचार करू. न्हाणीघरात भिंतीवर जे जे काही उगवते वा जमते त्या सर्वांस व्यवहारात सरसकट 'बुरशी' म्हटले जाते. वस्तुतः त्यात निदान चार भिन्न गोष्टी असतात.

पहिली खरी बुरशी. शास्त्रीय परिभाषेत ही 'कवक' या वर्गातील होय. क्लॅडोस्पोरियम, ऑरिओबेसिडियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम ही न्हाणीघरात नेहमी आढळणारी कुळे. ती सूक्ष्म तंतूंनी वाढते, पृष्ठभागाच्या छिद्रांत शिरते आणि बीजाणूंच्या रूपाने हवेत पसरते. तिला प्रकाशाची गरज नसते. साबणाचा थर, अंगावरून निघालेली त्वचेची साल, रंगातील सेंद्रिय द्रव्य एवढ्या अन्नावर तिचे भागते.

दुसरे शेवाळ. हे हिरवे असते व प्रकाशावर जगते. संस्कृत 'शैवाल' या शब्दापासून आलेले हे नाव खिडकीजवळच्या, बाहेरच्या मोरीच्या किंवा अंगणातील दगडाच्या हिरव्या थरास शोभते. आतल्या अंधाऱ्या छतावरील काळ्या डागास शेवाळ म्हणणे चुकीचे होय.

तिसरा गुलाबी बुळबुळीत थर. बादलीच्या तळाशी व नळाच्या तोंडाशी दिसणारा हा थर बुरशीचा नसून बहुधा सूक्ष्मजंतूंचा असतो. सेरेशिया मार्सेसेन्स हा त्यांपैकी प्रसिद्ध जंतू. तो साबण व कुंचल्याने घासून निघतो आणि भांडे रोज कोरडे ठेवले तर पुन्हा सहसा धरत नाही.

चौथा लोणा. भिंतीतून पाणी बाहेर येताना आपल्याबरोबर विरघळलेले क्षार आणते आणि पाणी उडून गेल्यावर ते पांढऱ्या पिठासारखे मागे राहतात. हा सजीव नाही. बोटावर घेऊन पाण्याचा थेंब टाकल्यास तो बहुधा विरघळतो. बुरशी विरघळत नाही, ती केवळ चिकट होते. लोणा आणि लोणचे ही दोन्ही नावे लवणाशी नाते सांगणारी आहेत. लोणच्यात मीठ बुरशीला अटकाव करते. भिंतीवर मात्र तेच क्षार बुरशी म्हणून ओळखले जातात व त्यांच्यावर बुरशीचे औषध व्यर्थ शिंपडले जाते.

या चौघांचे उपाय भिन्न आहेत. तथापि एक गोष्ट चौघांनाही समान आहे: त्यांची हजेरी म्हणजे तेथे पाणी असल्याची साक्ष होय.

३. 'येणे' या क्रियापदाची दिशाभूल

मराठीत बुरशी 'येते', 'धरते' किंवा 'चढते'. यांपैकी 'येते' हे क्रियापद ऐकणाऱ्याच्या मनात एक चूक रुजविते. बुरशी जणू बाहेरून पाहुण्यासारखी आली, आणि तिला दाराबाहेर घालविले की प्रश्न मिटला, अशी त्यातून कल्पना होते. वास्तविक बुरशीचे बीजाणू घरातील हवेत बारा महिने असतातच. काही सहस्रांश मिलिमीटर आकाराचे हे कण खिडकीतून, कपड्यांवरून, भाजीवरून सतत येत असतात. त्यांना संपूर्णपणे रोखणे कोणत्याही वसतिगृहास वा घरास शक्य नाही. फरक पडतो तो एवढाच की, त्यांना रुजण्यापुरते पाणी मिळते किंवा मिळत नाही.

हे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लोणच्यात ओला चमचा घालू नये, पापड उन्हात कडक वाळवावेत, मुरंब्याचा पाक दाट असावा, या सर्व सूचनांचा अर्थ एकच आहे. लोणच्यात पाणी नसते असे नाही. परंतु मिठाने ते बांधून ठेवलेले असते आणि बुरशीला ते घेता येत नाही. मिठाचे पूर्ण संपृक्त द्रावण एखाद्या बंद डब्यात ठेवले तर त्यावरील हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. बहुतेक बुरशींना याहून अधिक ओल लागते. फारच थोड्या जाती याखाली तग धरतात. ओला चमचा पडला की त्या जागेपुरते मीठ पातळ होते, पाणी मोकळे होते आणि लोणच्यावर बुरा दिसू लागतो.

भिंतीलाही हाच नियम लागू आहे. इमारतींतील ओलाव्याचा अभ्यास करणारे तज्ज्ञ असे मानतात की, पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी वाढण्याचा धोका उत्पन्न होतो. येथे 'दीर्घकाळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. स्नान करताना भिंत दहा मिनिटे भिजली म्हणून बुरशी येत नाही. ती भिंत पुढच्या स्नानापर्यंत वाळलीच नाही म्हणून येते. यास्तव विचारावयाचा प्रश्न 'बुरशी कोठून आली?' हा नसून 'येथले पाणी का गेले नाही?' हा आहे.

४. पाण्याच्या वाटा आणि त्यांची क्रियापदे

आता मुख्य विषयाकडे वळू. न्हाणीघरातील भिंतीला वा छताला पाणी ज्या वाटांनी मिळते, त्या वाटांची नावे मराठी क्रियापदांच्या साहाय्याने अशी लावता येतील.

(अ) गळणे. यात छिद्र उघडे असते आणि पाणी द्रवरूपाने, गुरुत्वाने, दिसण्याजोगे खाली पडते. नळ गळतो, कौल गळते. थेंब मोजता येतात, आवाज ऐकू येतो. 'लीकेज' हा शब्द खऱ्या अर्थाने फक्त येथे चपखल बसतो.

(आ) झिरपणे आणि पाझरणे. येथे छिद्र एक नसून असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. 'झिरपणे' याचा कर्ता बहुधा पाणी असते. 'पाझरणे' याचा कर्ता पुष्कळदा भिंत वा कातळ असतो. पाणी झिरपते आणि भिंत पाझरते: एकाच घटनेची ही दोन टोके होत. जेथे पाणी झिरपू लागते व जेथे भिंत पाझरते त्या दोन जागा भिन्न असू शकतात, हे या दोन क्रियापदांतच सूचित झाले आहे. पावसाला तोंड देणाऱ्या पश्चिमेकडील भिंतीवर गिलाव्याला तडे गेले की आतल्या बाजूस जो डाग उमटतो तो या वर्गातला. तो पावसाच्या जोराबरोबर वाढतो व उघडीप मिळाली की फिका होतो.

(इ) मुरणे. पाणी आत शिरते आणि तेथेच राहते. जमिनीत पाऊस मुरतो, फोडीत मीठ मुरते. शहरातील इमारतींत न्हाणीघराची लादी शेजारच्या खोलीच्या पातळीत यावी म्हणून त्याखालील छत पुष्कळदा काही इंच खाली घेतलेले असते आणि तो खळगा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. फरशीच्या सांध्यांतून किंवा मोरीच्या जाळीच्या कडेने उतरलेले पाणी या कोब्यात मुरते. तेथे ते महिनोन्‌महिने साठून राहते आणि खालच्या घराच्या छतावर, कधी दोन हात दूरच्या भिंतीवर उमटते. वरच्या बिऱ्हाडाने आठ दिवस नळ वापरला नाही तरी खालचा डाग ओला राहतो, आणि मग 'वरच्यांचा काही संबंध नाही' असा चुकीचा निर्वाळा दिला जातो. संशयास्पद व्यवहाराविषयी आपण 'कोठेतरी पाणी मुरते आहे' असे म्हणतो, ते उगीच नव्हे: दिसणारा परिणाम एकीकडे आणि लपलेले कारण दुसरीकडे, हा त्या वाक्प्रचाराचा गाभा आहे.

(ई) ओल चढणे. तळमजल्यावरील भिंत जमिनीतील पाणी वातीप्रमाणे वर ओढते. हा ओलावा खालून वर जातो व बहुधा कंबरेच्या आसपासच्या उंचीवर थांबतो. तेथे लोण्याची, म्हणजे क्षारांची, पांढरी रेघ दिसते. छताच्या कोपऱ्यातील डागाशी याचा काही संबंध नसतो.

(उ) पाणी सुटणे. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते. पावसाळ्यात लादीलाही सुटते. येथे पाणी भिंतीतून आलेले नसते, ते हवेतून भिंतीवर आलेले असते. हवेतील बाष्प ज्या तापमानाला द्रवरूप होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात. हवा २८ अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. न्हाणीघराच्या पलीकडची निजण्याची खोली वातानुकूल यंत्राने गार केलेली असेल आणि मधली भिंत २५ अंशांच्या आसपास उतरली असेल, तर न्हाणीघराच्या बाजूने त्या भिंतीला पाणी सुटते. गरम पाण्याने स्नान झाल्यावर दवबिंदू याहूनही वर जातो. ज्या घरात वातानुकूल यंत्र बसविल्यानंतर प्रथमच बुरशी दिसली, तेथे ही वाट आधी तपासावी.

(ऊ) सादळणे. हे क्रियापद सर्वांत लक्षणीय आहे. पापड सादळतो, आगपेटी सादळते, कागद सादळतो. थेंब कोठेच दिसत नाही. वस्तू हवेतील ओल आपल्यात ओढून घेते. वाक्यात पाण्याचा उल्लेखही नसतो. कर्ता ती वस्तूच असते. छताचा जुना डिस्टेंपर, दाराचे लाकूड, जिप्समचे खोटे छत हीही अशीच सादळतात. त्यांना हात लावला तर ती ओली लागत नाहीत, आणि म्हणून 'येथे पाणीच नाही, मग बुरशी कशी?' असा प्रश्न विचारला जातो. त्या प्रश्नाचे उत्तर 'सादळणे' या एका शब्दात आहे.

या क्रियापदांच्या जोडीला चार विशेषणांचा भेदही ध्यानात घ्यावयास हवा. 'ओलसर' हा पृष्ठभागाचा गुण असून तो हाताला कळतो. 'दमट' हा हवेचा गुण. 'कोंदट' म्हणजे जेथे हवा कोंडलेली आहे असे. 'कुबट' हा वास. बुरशीच्या वाढीतून निघणाऱ्या वायुरूप द्रव्यांचा तो असतो. खोली कुबट आहे पण डाग दिसत नाही, असे असेल तर बुरशी खोट्या छताच्या वर वा कपाटाच्या मागे लपलेली असण्याचा संभव असतो.

५. दमट हवेचे गणित

'खिडकी उघडी ठेवा' हा उपदेश सर्वत्र केला जातो. तो मूळचा थंड देशांतला आहे आणि तेथे तो निर्विवाद खरा आहे. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बाहेरची ५ अंशांची हवा बाष्पाने संपृक्त असली तरी तीत दर घनमीटरला सुमारे ७ ग्रॅमच बाष्प असते. ती घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. बाहेरची ओली हवा आत येताच कोरडी होते.

मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथे जुलै-ऑगस्टात स्थिती वेगळी असते. तेथे हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० ते ९० टक्के असते आणि आत-बाहेर तापमान जवळजवळ सारखेच असते. एक उदाहरण घेऊ. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व २.७ मीटर उंच न्हाणीघरात सुमारे ८ घनमीटर हवा मावते. २८ अंशांना हवा दर घनमीटरला सुमारे २७ ग्रॅम बाष्प धरू शकते. ८५ टक्के आर्द्रतेला त्यांपैकी २३ ग्रॅम आधीच भरलेले असते. उरली जागा ४ ग्रॅमांची. म्हणजे खोलीतील सारी हवा मिळून सुमारे ३२ ग्रॅम पाणी उचलू शकते. स्नानानंतर भिंती, लादी व बादल्यांवर २०० ग्रॅम पाणी मागे राहिले असे धरले, तर ते उडून जाण्यासाठी खोलीतील हवा निदान सहा-सात वेळा पूर्ण बदलली पाहिजे. प्रत्यक्षात बाहेर जाणारी हवा पूर्ण संपृक्त नसते, म्हणून याच्या दुप्पट-तिप्पट धरावे. पुण्यात जानेवारीच्या दुपारी, तापमान तेच असून आर्द्रता ३० टक्के असेल, तर तेवढीच हवा सुमारे १५० ग्रॅम पाणी उचलते. कोकणातील न्हाणीघर न वाळण्यात गृहिणीचा आळस कारणीभूत नसून हे गणित कारणीभूत आहे.

या गणितातून तीन निष्कर्ष निघतात. एक, पाणी वाफेच्या रूपाने घालविण्यापेक्षा द्रवरूपाने घालविणे अनेकपटींनी सोपे आहे. स्नानानंतर भिंतीवरून व लादीवरून रबरी पट्टीचा वायपर दोन मिनिटे फिरविला तर त्या २०० ग्रॅमांतील बराचसा भाग मोरीत निथळून जातो. दोन, हवा बाहेर फेकणारा पंखा स्नानानंतरही पुष्कळ वेळ चालू ठेवावा लागतो, आणि दाराखाली फट वा झरोका नसेल तर तो फिरूनही उपयोग होत नाही. कारण जेवढी हवा आत येईल तेवढीच तो बाहेर टाकू शकतो. तीन, भर पावसाळ्यात केवळ वाऱ्याने खोली ८० टक्क्यांच्या खाली येऊ शकत नाही, कारण बाहेरची हवाच त्याहून दमट असते. तेथे थोड्या उष्णतेची जोड लागते. २८ अंशांची ८५ टक्के दमट हवा ३१ अंशांपर्यंत तापविली की, बाष्प तेवढेच राहूनही तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७२ टक्क्यांवर उतरते.

६. जुने न्हाणीघर आणि नवे

या तिसऱ्या निष्कर्षाच्या प्रकाशात जुन्या न्हाणीघराकडे पाहिले म्हणजे त्याच्या रचनेचा अर्थ कळतो. कोकणातील जुन्या घरात न्हाणी मागील दारी, पुष्कळदा मुख्य घरापासून थोडी अलग असे. पाणी तापविण्याची चूल वा चुलवण तेथेच असे. तिची धग भिंती वाळवी. कौलांच्या फटींतून हवा वाहे. सांडपाणी पन्हळीने माडाच्या वा केळीच्या आळ्यात जाई. भिंतींना चुना दिलेला असे. ताजा चुना अत्यंत अल्कधर्मी असतो आणि त्यावर बुरशी सहसा धरत नाही. परंतु हवेतील कर्बवायूशी संयोग होऊन तो हळूहळू सौम्य होतो, म्हणून तो पुनःपुन्हा द्यावा लागे. जुन्या न्हाणीत बुरशी नव्हतीच असे म्हणावयाचे नाही. लाकूड तेव्हाही कुजत असे. परंतु उष्णता, वारा व चुना हे तिन्ही उपाय त्या रचनेत अंगभूत होते.

सदनिकेतील न्हाणीघर घराच्या मध्यभागी आले, त्याची खिडकी अरुंद नळपोकळीत उघडू लागली, चुलीची जागा भिंतीवरील विजेच्या तापकाने घेतली आणि चुन्याच्या जागी सेंद्रिय द्रव्ययुक्त रंग आला. सोयी वाढल्या, परंतु वाळविणारी शक्ती गेली. शब्दांच्या बाबतीत मात्र एक मौजेची घटना घडली. 'न्हाणी' हा शब्द बोलण्यातून मागे पडून 'बाथरूम' रूढ झाला; पण भारतीय अभियंत्यांच्या इंग्रजी परिभाषेत लादीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्यास 'नहाणी ट्रॅप' हेच नाव आजही आहे. या ट्रॅपभोवतीचा सांधा हीच पाणी मुरण्याची एक प्रमुख जागा होय.

७. परीक्षा

पाण्याची वाट ओळखण्यास खर्चिक यंत्रे नेहमीच लागतात असे नाही. पुढील परीक्षा कोणासही करता येतील.

डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तिच्याशेजारी दिनांक लिहावा. पंधरा दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला की नाही, आणि त्या काळात पाऊस होता की नव्हता, याची नोंद ठेवावी. पावसाबरोबर वाढणारा डाग झिरपण्याचा; पावसाशी संबंध नसलेला पण बाराही महिने ओला राहणारा डाग मुरण्याचा; केवळ पावसाळ्यात, छताच्या कोपऱ्यांत व सर्वत्र विखुरलेले ठिपके हे बहुधा सादळण्याचे.

दुसरी परीक्षा अशी की, जागा पुसून कोरडी करावी आणि तिच्यावर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा. दोन दिवसांनी पाहावे. पाणी तुकड्याच्या भिंतीकडील बाजूस जमले असेल तर ते भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस जमले असेल तर ते हवेतून येत आहे.

तिसरी परीक्षा वरच्या बिऱ्हाडाच्या संमतीने करावयाची. नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून लादीवर बोटभर रंगीत पाणी एक दिवस उभे ठेवावे व खाली लक्ष ठेवावे. मात्र कोब्यात मुरलेले पाणी सावकाश उतरते. म्हणून एका दिवसात खाली काही दिसले नाही एवढ्यावरून निर्वाळा देऊ नये.

८. उपाय आणि एक इशारा

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे: प्रथम पाणी, नंतर बुरशी, शेवटी रंग. हा क्रम उलटा केला की बुरशी परत येते.

गळत असेल तर नळ, झिरपत असेल तर बाहेरचा गिलावा, मुरत असेल तर लादीचे सांधे, ट्रॅपचा सांधा व शेवटी कोबा दुरुस्त करावा. सुटत असेल तर शेजारच्या खोलीचे तापमान दोन-तीन अंशांनी वर ठेवावे. सादळत असेल तर वायपर, पंखा व थोडी उष्णता यांचा आश्रय घ्यावा, ओले कपडे न्हाणीघरात वाळत घालू नयेत आणि बादल्या पालथ्या ठेवाव्यात.

मग बुरशी काढावी. ती कोरडी असताना झाडू नये, कारण त्यामुळे बीजाणू हवेत उडतात. आधी ओली करावी, मग साबणाच्या पाण्याने व कुंचल्याने घासावी आणि पृष्ठभाग पूर्ण कोरडा करावा. हातमोजे व तोंडावर मास्क असावा. दमेकऱ्याने हे काम करू नये. गुळगुळीत फरशीवर एवढे पुरते. डाग हट्टी असल्यास सोडियम हायपोक्लोराइटचे घरगुती द्रावण एक लिटर पाण्यात साठ मिलिलिटरपेक्षा अधिक न घालता वापरावे. ते काळा रंग घालविते. परंतु सच्छिद्र भिंतीच्या आत खोलवर पोहोचत नाही, म्हणून पांढरी झालेली भिंत म्हणजे बरी झालेली भिंत असे समजू नये. मेलेली बुरशीही ज्यांना तिचे वावडे आहे त्यांना त्रास देऊ शकते. तेव्हा मारण्यापेक्षा काढणे महत्त्वाचे. जिप्समच्या छतात बुरशी शिरली असेल तर ते बदलणेच इष्ट. तोच न्याय सांध्यांतील काळ्या पडलेल्या सिलिकोनला लागू आहे.

येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. हायपोक्लोराइट आणि शौचकूप धुण्याचे आम्लयुक्त द्रव ही दोन्ही न्हाणीघराच्या एकाच फळीवर ठेवलेली असतात. ती एकत्र झाली तर क्लोरीन वायू निर्माण होतो, आणि कोंदट खोलीत तो प्राणघातक ठरू शकतो. अमोनियायुक्त द्रवाशीही हायपोक्लोराइटचा असाच विषारी संयोग होतो. 'दोन औषधे मिळून गुण अधिक' ही समजूत येथे जिवावर बेतणारी आहे.

९. एका नावाचा घोटाळा

चुकीच्या नावाने किती भय उत्पन्न होते याचे उदाहरण २०२१ मध्ये आपण पाहिले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्यूकरमायकोसिस या रोगाचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले आणि वृत्तपत्रांतून त्यास 'काळी बुरशी' हे इंग्रजीवरून शब्दशः उतरविलेले नाव मिळाले. न्हाणीघरातील काळे डाग पाहून अनेक कुटुंबे घाबरली. वास्तविक त्या नावातील काळेपणा बुरशीचा नव्हता. रोगाने मृत झालेल्या मांसपेशी काळ्या पडतात, त्यांचा होता. तो रोग म्यूकरेलीज या निराळ्या गणातील कवकांमुळे होतो, आणि अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडांचा वापर ही त्याची प्रमुख पार्श्वभूमी होती. न्हाणीघरातील क्लॅडोस्पोरियमादी बुरशी मात्र खरोखरच काळपट असते, कारण तिच्या पेशीभित्तींत कृष्णरंजक द्रव्य असते. दोन भिन्न गोष्टींना एक नाव मिळाले आणि एकीचे भय दुसरीला चिकटले.

याचा अर्थ न्हाणीघरातील बुरशी निरुपद्रवी आहे असा नव्हे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००४ च्या अहवालाने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ओल व बुरशी यांचा खोकला, छातीतील घरघर व दम्याची लक्षणे यांच्याशी असलेला संबंध मान्य केला आहे. लहान मुले, वृद्ध व दमेकरी यांच्या घरात म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. भय नको, पण हयगयही नको.

१०. समारोप

वरील विवेचनाचा व्यवहारात उपयोग कसा करावा हे एका नमुन्याने दाखविता येईल. 'बाथरूममध्ये लीकेज आहे' या तक्रारीऐवजी असे लिहावे: 'न्हाणीघराच्या छताच्या आतल्या कोपऱ्यात हातभर डाग आहे. पाऊस नसतानाही तो ओला असतो. वरचे बिऱ्हाड आठ दिवस परगावी असताना तो वाळला नाही. थेंब पडत नाही. प्लॅस्टिकखाली भिंतीच्या बाजूने पाणी जमले. वरच्या लादीखाली पाणी मुरत असावे.' या सहा वाक्यांत कारागिराला कोठे पाहावयाचे ते कळते, आणि दोन बिऱ्हाडांतील वादालाही आधार मिळतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे क्षेत्रकार्यासही वाव आहे. गवंडी, नळकारागीर, रंगारी आणि कोबा घालणारे मजूर यांच्या बोलीत ओलीच्या प्रकारांसाठी, सांध्यांसाठी व गिलाव्याच्या दोषांसाठी जे शब्द आहेत, त्यांचा संग्रह तालुक्यागणिक व्हावयास हवा. 'सादळणे' हा शब्द कोकणात कोणकोणत्या वस्तूंना लावतात, देशावर कोणत्या वस्तूंना लावतात, आणि भिंतीला तो कोठे लावतात का, एवढा एकच प्रश्न घेऊन कोणी चार गावे हिंडले तरी हाती काही उपयुक्त लागेल. हे काम पावसाळ्यात करावे. त्या दिवसांत प्रत्येक घरात विषय तयारच असतो.